छोटा रंधा घेताना

या सदरातून आपण आजवर मुदत ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र, कर्जाची फेररचना अशा विषयांचा परामर्श घेत आलो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. तळहातात मावणारा सुताराचा छोटा रंधा कसा निवडावा, यावर मी लिहिणार आहे. चौतीस वर्षे बँकेत कागद तपासलेल्या माणसाला रंध्याचे काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. गेल्या वर्षीच्या जून महिन्यापर्यंत तो माझ्याही मनात आला असता.

झाले असे, की विक्रोळीतील आमच्या वडिलोपार्जित किराणा दुकानाचे नूतनीकरण झाले. पुतण्याने प्लायवूडचे नवे काउंटर केले, त्यावर क्यूआर कोडची पाटी उभी केली आणि अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, सागवानी गल्ला भंगारात काढायचे ठरले. हा गल्ला अण्णांनी सांगलीहून येताना आणलेला. वर वही ठेवून लिहिण्यासाठी उतरते झाकण, आत नाण्यांसाठी वाट्या, आणि खाली एक मोठा खण. १९६५ पासून त्या खणात कारखान्यातील कामगारांच्या पगाराच्या दिवशी जमा झालेली उधारी पडत असे. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, मला एवढेच म्हणाले, "तुला हवा असेल तर ने. इथे जागा नाही." मी तो टेम्पोत घालून घरी आणला.

जुलै उजाडला, पावसाने जोर धरला आणि खण घट्ट बसला. दोन्ही हातांनी ओढला तरी बोटभर बाहेर येई आणि तिथेच अडे. दादांनी फोनवर विचारले, "उघडतो का रे तो?" मी "हो" म्हणालो. ते खरे नव्हते. दादांचे शिक्षण अकरावीनंतर थांबले ते दुकानासाठी, आणि माझे एम.कॉम.पर्यंत चालले ते त्याच खणातील पैशांवर. ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी बोलून दाखवली नाही. पण तो खण माझ्या घरी येऊन बंद पडावा, हे मला सहन होईना.

आमच्या भागातील एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. त्यांनी खण हलवून पाहिला, खाली वाकून विजेरीच्या उजेडात आतल्या पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाले, "साहेब, मशीनचा रंधा फिरवला तर पाच मिनिटांत मोकळा होईल. पण डिसेंबरात खडखडेल. नवा खण करून देऊ का प्लायचा?" मी नको म्हणालो. तेव्हा त्यांनी मला जो सल्ला दिला, तो कोणत्याही सल्लागाराने द्यावा असा होता. "मग घाई करू नका. एक छोटा रंधा घ्या, चांगला घ्या, आणि स्वतः कागदाएवढे कागदाएवढे काढा. या कामाला मजुरी परवडत नाही. पण तुम्हाला वेळ आहे."

या सल्ल्यामागील शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. लाकूड हवेतील दमटपणा शोषते आणि फुगते. पण ते लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. खणाच्या बाजूच्या फळ्या उभ्या रुंदीच्या असतात, म्हणून पावसाळ्यात त्यांची उंची वाढते आणि खण वरच्या पट्टीला घासतो. एखाद्या मिलिमीटरची वाढही त्याला अडकवण्यास पुरते. आता हिशेब असा, की पावसाळ्यात ऐसपैस जागा होईपर्यंत रंधा मारला, तर हिवाळ्यात फळी आकसून खण ढिला पडतो. उलट हिवाळ्यात नेमका बसवला, तर पुढच्या पावसात पुन्हा अडकतो. म्हणून फुगवटा सर्वाधिक असताना, खण जेमतेम सरकू लागेल इतकेच लाकूड काढावे आणि थांबावे. बँकेत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते. काढलेले लाकूड मात्र पुन्हा जमा करता येत नाही.

विक्रोळीत राहून लाकडाची एवढी काळजी वाहणे, हाही एक विनोदच म्हणायचा. हे उपनगर लोखंडी कपाटांचे. १८९७ मध्ये कुलुपांपासून आरंभ केलेल्या गोदरेज समूहाने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनविण्यास सुरुवात केली. पुढे १९४३ मध्ये पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन विकत घेतली आणि तिथे पिरोजशानगर वसले. देशाच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लक्षावधी पोलादी मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. आपल्या घरांतही लग्नाच्या रुखवतात सागवानी पेटीची जागा 'गोदरेजच्या कपाटाने' घेतली, ती त्यानंतर. पोलाद पावसात फुगत नाही, वाळवीला घाबरत नाही. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. परंतु ज्यांच्या घरी पूर्वजांचे एखादे लाकडी मेज, पाट, देव्हारा किंवा गल्ला शिल्लक आहे, त्यांना तो चालता ठेवण्याची विद्या मात्र आसपास दुर्मिळ होत चालली आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू.

सुताराचा नेहमीचा रंधा लांब असतो आणि दोन हातांनी चालवावा लागतो. फळी सपाट करण्यासाठी ती लांबी हवीच. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो ब्लॉक प्लेन नावाने मिळणारा छोटा लोखंडी रंधा साधारण सहा इंच लांब असतो. पाते सुमारे दीड इंच रुंद. तो एका हातात धरता येतो. दरवाजाची घासणारी कड, खणाची बाजू, पाटाचा बोचणारा कोपरा, चौकटीचा एखादा किंचित वर आलेला सांधा अशी घरगुती दुरुस्तीची कामे त्याच्याच आवाक्यातली.

त्याचे खरे वैशिष्ट्य पाते बसवण्याच्या पद्धतीत आहे. रंध्याच्या पात्याला एका बाजूने तिरके घासून धार काढलेली असते. त्या तिरक्या बाजूला आपण उतार म्हणू. मोठ्या रंध्यात हा उतार खाली, लाकडाच्या दिशेने असतो. छोट्या ब्लॉक प्लेनमध्ये तो वर, आकाशाकडे असतो. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकाचा परिणाम मोठा आहे, आणि तो आपल्यासारख्या आकडे जाणणाऱ्यांना सहज समजेल.

मोठ्या रंध्यात पात्याची बैठक बहुधा ४५ अंशांची असते. उतार खाली असल्याने लाकडाला भिडणारा कोनही ४५ अंशच राहतो. धार २५ अंशांवर लावा वा ३० वर, कापण्याचा कोन बदलत नाही. उतार वर असलेल्या रंध्यात मात्र दोन कोनांची बेरीज होते, म्हणजे बैठकीचा कोन अधिक धारेचा कोन. बैठक १२ अंशांची असेल आणि धार २५ अंशांची, तर लाकडाला भिडणारा कोन ३७ अंश होतो. तेच पाते काढून ३८ अंशांवर धार लावलेले दुसरे पाते बसवले, तर कोन ५० अंश होतो. एकच रंधा, दोन पाती आणि दोन वेगळी कामे. भांडवल एक आणि व्यवहार दोन, असे आपण व्यापाऱ्यांच्या भाषेत म्हणू.

कोन कमी असला की फळीचे आडवे कापलेले टोक, जिथे लाकडाचे रेषे आपल्याकडे तोंड करून उभे असतात, ते स्वच्छ कापले जाते. कोन जास्त असला की उलटसुलट रेषे असलेल्या कठीण लाकडाच्या ढलप्या उचकटत नाहीत. बाजारात दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. सुमारे २० अंशांच्या बैठकीचा साधा, आणि सुमारे १२ अंशांचा कमी कोनाचा. स्टॅन्ले कंपनीच्या जुन्या क्रमांकांत पहिल्याला साडेनऊ आणि दुसऱ्याला साडेसाठ म्हणतात, आणि इतर कंपन्याही तेच क्रमांक खुणेसारखे वापरतात. घरात एकच घ्यायचा असेल तर माझे मत कमी कोनाच्या बाजूने आहे, कारण धारेचा कोन वाढवून तो मोठ्या कोनाचा करता येतो. २० अंशांच्या बैठकीवर मात्र कोन तितका खाली आणता येत नाही. त्यासाठी धार इतकी पातळ करावी लागेल, की ती सागवानात टिकणार नाही.

जाता जाता एक ऐतिहासिक नोंद. लोखंडी रंध्यांच्या आजच्या रचनेचे पुष्कळसे श्रेय लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराला जाते. त्याची पेटंटे स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतली. अलीकडच्या काळात अमेरिकेतील मेन राज्यातील ली-नील्सन आणि कॅनडातील व्हेरिटास यांनी या जुन्या आकृत्या अधिक काटेकोरपणे घडवल्या आहेत. त्यांची किंमत दीडशे डॉलरांच्या वर जाते, शिवाय टपालखर्च आणि सीमाशुल्क. वस्तू उत्तमच, पण एका खणासाठी एवढी गुंतवणूक करावी का, हे प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे.

माझी स्वतःची पहिली खरेदी फसली, हे कबूल केले पाहिजे. स्वस्त म्हणून साडेसहाशे रुपयांचा एक रंधा घेतला. घरी आणून त्याच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरली, तर मधून उजेडाची फट दिसली. पाते चार फेऱ्यांत आपोआप मागे सरके. कर्जदाराच्या फॅक्टरीला भेट दिल्याशिवाय मी कधी कर्जाची शिफारस केली नाही; इथे मात्र वस्तू हातात न घेता पैसे दिले. दोष वस्तूचा जितका, तितकाच माझा. दुसऱ्या खेपेस मी मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर स्वतः गेलो, खिशात छोटी पोलादी पट्टी ठेवली आणि तीन दुकाने फिरून मध्यम किमतीचा, कमी कोनाचा रंधा घेतला. पहिल्याच्या सुमारे सातपट पैसे पडले. पहिल्याचे साडेसहाशे हे शिकवणीचे शुल्क समजून मी बुडीत खाती टाकले.

त्या अनुभवातून, घेताना काय पाहावे याची मी एक यादी केली आहे.

पहिले, तळ. पट्टीची कड तळावर उभी धरून उजेडाकडे पाहावे. टोक, तोंडाचा पुढचा काठ आणि मागचे टोक या तीन जागी पट्टी टेकली पाहिजे. मध्ये केसभर फट चालते, तोंडाजवळ चालत नाही.

दुसरे, तोंड. पाते ज्या फटीतून बाहेर येते ती कमीजास्त करता आली पाहिजे. पातळ काप घ्यायचा असेल तर तोंड अरुंद ठेवावे, म्हणजे लाकूड पुढे चिरत जात नाही. स्थिर तोंडाचे रंधे स्वस्त असतात, पण सागवानासाठी सरकते तोंड असलेलाच घ्यावा.

तिसरे, पात्याची बैठक. पाते काढून आतली जागा बोटाने चाचपावी. रंगाचे थर किंवा ओबडधोबड ओतकामाचे उंचवटे असतील, तर पाते थरथरते आणि लाकडावर लाटा उमटतात.

चौथे, पुढेमागे करण्याचा स्क्रू. फिरवताना त्याला थोडी मोकळी फेरी असतेच. पण पाऊण-एक फेरीपेक्षा अधिक रिकामी जात असेल, तर तो रंधा ठेवून द्यावा.

पाचवे, हातात बसणे. रंध्याचा मागचा गोल भाग तळहातात, तर्जनी पुढच्या खळग्यात आणि अंगठा व मधले बोट बाजूच्या खाचांत आले पाहिजे. माझ्या पत्नीच्या हाताला माझा रंधा मोठा पडतो. तिच्यासारख्या हातांसाठी अॅप्रन प्लेन नावाचे, खिशात मावतील असे आणखी लहान रंधे मिळतात.

सहावे, धातू. साधे ओतीव लोखंड फरशीवर पडले की तडकू शकते. रंधा टेबलाच्या कडेला कधीही ठेवू नये. वापर झाला की पाते आत घ्यावे, आणि मुंबईच्या हवेत गंज लवकर चढतो म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा हात पुसून ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवा रंधा खोक्यातून काढल्या काढल्या चालत नाही. बहुतेकांच्या पात्याला पुरती धार नसते, ती आपण लावायची असते. म्हणून अंदाजपत्रकात दगडांचे पैसे आधीच धरावेत. एक भरड आणि एक बारीक असा दुहेरी दगड सुरुवातीस पुरतो. प्रथम पात्याची सपाट पाठ, निदान धारेजवळचा भाग, बारीक दगडावर आरशासारखा करावा. मग उताराची बाजू २५ अंशांवर धरून घासावी. हात डळमळत असेल तर पाते पकडणारी छोटी चाकाची पकड मिळते, ती घेण्यात कमीपणा मानू नये. उलट्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा लागला, की धार कडेपर्यंत पोहोचली असे समजावे आणि तो कंगोरा पाठ सपाट धरून काढून टाकावा. सागवानात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. ते धार लवकर बोथट करतात. म्हणून थोड्या कामानंतर पुन्हा दगडाकडे जाण्याचा कंटाळा करू नये.

माझे काम मी असे केले. आधी रंध्याला हात न लावता मेणबत्ती आतल्या पट्ट्यांवर घासली. पुष्कळ खण एवढ्यानेच मोकळे होतात आणि रंध्याचा खर्च वाचतो. वाचकांनीही हेच आधी करावे. माझा खण मोकळा झाला नाही, पण पूर्ण बाहेर काढण्याइतका सैल झाला. मग फळीच्या वरच्या कडेवर खडूची पूड लावून खण आतबाहेर केला. जिथे खडू पुसला गेला, तिथेच तो घासत होता. डावीकडे हातभर आणि उजवीकडे मागच्या कोपऱ्यात चार बोटे, बस एवढेच. मी तर सगळी कडच रंधायच्या बेतात होतो. नंतर मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे लोहचुंबक फिरवला. मागच्या कोपऱ्यात अण्णांनी कधीतरी ठोकलेला एक खिळा सापडला, तो काढला. पाते त्यावर गेले असते तर धारेचा तुकडा उडाला असता.

मग रंधा. रेषे ज्या दिशेला निघतात त्या दिशेनेच चालवावा, आणि टोकाशी आल्यावर बाहेर जाऊ न देता टोकाकडून मध्याकडे यावे, नाहीतर कोपऱ्याची ढलपी निघते. कापाची जाडी छपाईच्या कागदाहून कमी ठेवली. साधा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. दोन काप, खण लावून पाहायचा. पुन्हा दोन काप. एका दुपारी मी जितके लाकूड काढले ते एका मुठीत मावले. साठ वर्षांच्या काळवंडलेल्या कडेखालून सागवानाचा सोनेरी रंग आणि तो ओळखीचा, किंचित तेलकट वास आला. सहाव्या की सातव्या खेपेस खण जेमतेम सरकला. आणखी दोन काप घेण्याचा मोह झाला. मी रंधा खाली ठेवला.

सप्टेंबरात एका रविवारी दादा आणि वहिनी जेवायला आले. दादांना आता वाकणे जमत नाही, म्हणून गल्ला पाटावर उंच ठेवला होता. दादांनी खुर्ची ओढली, डाव्या हाताने खणाच्या कोपऱ्यावर एक थाप मारली आणि उजव्याने खेचला. थाप मारल्याशिवाय तो पावसाळ्यात कधी उघडतच नसे, चाळीस वर्षांची सवय ती. खण इतका सहज बाहेर आला, की दादा थोडे मागे झुकले. त्यांनी कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, "कोणाकडून करून घेतलेस?"

"मीच केले, दादा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खण आत ढकलला, पुन्हा उघडला, पुन्हा ढकलला. "अण्णांना जमले नव्हते," ते म्हणाले. "ते दरवर्षी म्हणायचे, पाऊस संपला की बघू." मग मी त्यांना सांगितले, की जुलैत फोनवर मी खोटे बोललो होतो, तेव्हा तो उघडत नव्हता. ते हसले. "मला ठाऊक होते. तो जुलैत कधीच उघडत नाही." आणि वहिनींना म्हणाले, "याला वाटते मी याला बंद पडलेली वस्तू दिली. दुकानात कुणाकडे सोपवणार होतो मी?"

जेवणे झाल्यावर त्यांनी रंधा मागून घेतला आणि बराच वेळ हातात धरून पाहिला. पुतण्याच्या नव्या काउंटरचा एक खण आताच घासू लागला आहे, असे म्हणाले. प्लायवूड रंधू नये, थरांतल्या चिकट डिंकाने पाते खराब होते, आधी मेणबत्ती लावून पाहा, असे मी सुचवले. तरी जाताना रंधा पिशवीत घालून घेऊन गेले.

या डिसेंबरात मी खण मुद्दाम तपासला. किंचित हलतो, खडखडत नाही. ज्या वाचकांच्या घरी एखादा खण, दार किंवा पेटी अडून बसली आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात आधी मेणबत्ती, मग खडू, मग लोहचुंबक आणि शेवटी रंधा हा क्रम लक्षात ठेवावा. पुढील अंकात आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू आणि बँकेच्या लॉकरच्या करारातील नामनिर्देशनाविषयी बोलू.